‘एका क्लिकचे 450 रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला आमच्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात ताटकळत बसावं लागलं आणि काउंटरवरच्या मुलाचं बोलणं लागलं, त्याबद्दल सॉरी. पण ‘रन एनीवे दाबायचं एका क्लिकचं काम, त्याला दीड तास आणि 450 रुपये, वर माझा ड्रायव्हर टाकलाच नाही’ (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) असं जे लिहिलंत ते अर्धवट आहे. असं वाचून गिऱ्हाईक दारातून परत फिरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ ही निळी पाटी आली म्हणजे व्हायरस सापडलाच असं नाही. फाइल नवीन असली, फारशी कुणी डाउनलोड केलेली नसली, तरी ती येते. छोट्या डेव्हलपरच्या चांगल्या सॉफ्टवेअरलाही येते, आणि तिथे आम्हीही मोअर इन्फो, रन एनीवे करतो. पण फाइल मूळ कंपनीच्या साइटवरची आहे का, प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सचा (फाइल बनवणाऱ्याच्या डिजिटल सहीचा) टॅब आहे का, त्यात नाव कुणाचं, हे बघून. तुमचा ड्रायव्हर कुठल्यातरी ‘फ्री ड्रायव्हर’ साइटवरचा. पब्लिशर अननोन, सिग्नेचरचा टॅबच नाही, झिपला पासवर्ड, आणि सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. प्रिंटर बनवणारी कंपनी असलं कधी सांगेल का?

आता दीड तासाचं. रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे विंडोजची सतत चालणारी व्हायरस तपासणी, तुम्ही घरी बंद केलं होतं. ते विंडोज थोड्या वेळाने स्वतःच चालू करतं. पण कुठलातरी व्हिडिओ बघून एक्स्क्लुजनमध्ये (तपासणीतून वगळायच्या यादीत) अख्खा सी ड्राइव्ह टाकला होतात, तो आपोआप निघत नाही. डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) हिरवी खूण दाखवत राहतो आणि सी ड्राइव्हकडे बघतही नाही. हे तुम्ही आम्हाला सांगितलंही नव्हतं, शोधून काढावं लागलं. मग ऑफलाइन स्कॅन (मशीन रीस्टार्ट होऊन साधारण 15 मिनिटं), त्यानंतर फुल स्कॅन. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागणारच, तिथे आमचा हात चालत नाही. शेवटी कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा 64-बिट ड्रायव्हर टाकून टेस्ट पेज काढून तुमच्या हातात दिलं. त्याचा रिव्ह्यूत उल्लेख नाही. 450 रुपये या सगळ्याचे होते, ड्रायव्हर फुकटच मिळतो.

दरपत्रक काउंटरवर लावायचं बघतो, मुलांनाही सांगू.

अजून एक. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, पण पासवर्ड लावलेली झिप डिफेंडरला उघडता येत नाही, म्हणून ती रिपोर्टमध्ये येणारच नव्हती. त्यातली फाइल घरी एकदा जरी चालवली असेल, तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि जीमेलमधून सगळ्या डिव्हाइसवर साइन आउट करा. लॉगिनची कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणारी ब्राउझरमधली नोंद) चोरीला गेली की समोरच्याला ओटीपीही लागत नाही. झिप अजून तुमच्या डाउनलोड्समध्येच आहे. डिलीट करू नका म्हणालात, म्हणून ठेवलीय.