‘बाकासिओनेस’ सगळीकडे चालत नाही

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक कार्ड फिरतंय. त्यातला सल्ला थोडक्यात असा: सुट्टीला ‘बाकासिओनेस’ म्हणा, कुठेही चालतं. सार्वजनिक सुट्टीचे शब्द ‘फेस्तिबो’ आणि ‘फेरियादो’ एकच, कुठलाही वापरा. ‘फिएस्ता’ म्हणजे पार्टी, सुट्टीशी संबंध नाही. ‘प्वेन्ते’ म्हणजे लाँग वीकेंड. आजारपणाची असो वा एका दिवसाची, सुट्टी ती सुट्टी, पुन्हा ‘बाकासिओनेस’च.

हे कार्ड इंग्रजीवरून उचललेलं आहे, हे वाचताक्षणी कळतं. इंग्रजांचा ‘हॉलिडे’ नाताळलाही चालतो आणि समुद्रकिनारी घालवलेल्या पंधरवड्यालाही. आपलं तसं नाही. रविवारची, पाडव्याची ती सुट्टी. साहेबाकडे अर्ज टाकून घेतो ती रजा. शाळेतला शिपाईही या दोन्हींत गल्लत करत नाही. मग स्पॅनिश शिकताना आपण ही हातातली शिदोरी का टाकून द्यायची?

‘बाकासिओनेस’चं मूळ लॅटिनमधल्या ‘रिकामं असणे’ या क्रियापदात आहे. शब्द बहुतेक वेळा अनेकवचनातच येतो आणि अर्थ सलग, पुरेशा दिवसांचा: शाळेची उन्हाळी सुट्टी किंवा नोकरदाराची वार्षिक रजा. स्पेनच्या कामगार कायद्यात ही रजा वर्षाला किमान ३० दिवसांची आहे, शनिवार-रविवार धरून. माझ्या एका सहकाऱ्याने पाडव्याच्या आदल्या दिवशी चिलीतल्या सान्तियागोच्या ग्राहकाला कळवलं, ‘मान्याना तेनेमोस बाकासिओनेस’. उलट टपाली विचारणा आली: तुम्ही सगळे परत कधी येणार आणि तोवर काम कोण बघणार? त्याला म्हणायचं होतं इतकंच, ‘मान्याना एस फेरियादो’. उद्या सुट्टी आहे, बस.

आता ‘फेस्तिबो’ आणि ‘फेरियादो’. अर्थ जवळचा, हे कबूल. पण कुठलाही वापरा? माद्रिदमध्ये ‘फेस्तिबो’ म्हणतात, मेक्सिको आणि कोलंबियातही. अर्जेंटिना, पेरू, चिली इथे ‘फेरियादो’. चुकीचा वापरलात तर समजेल, फक्त परकं वाटेल, इथवर ठीक. गोम चिलीत आहे. तिथल्या कामगार कायद्यात वार्षिक रजेलाच ‘फेरियादो’ म्हणतात: एक वर्ष नोकरी झाली की १५ कामाचे दिवस, पूर्ण पगारी. बोलताना तिथलेही लोक ‘बाकासिओनेस’च म्हणतात, पण कागदावर ‘फेरियादो’. मी स्वतः एका चिलियन करारपत्राचं भाषांतर करताना इथे ‘१५ सार्वजनिक सुट्ट्या’ लिहून मोकळा झालो होतो. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईने एवढंच विचारलं, ‘मग रजा किती?’ त्या प्रश्नाने मी जे शिकलो ते तीन वर्गांत शिकलो नव्हतो.

(गोव्यातल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकांसाठी वेगळी सूचना. तुमचा ‘फेरियादो’ इथे जसाच्या तसा चालेल, पण ‘फेरियास’ चालणार नाही. पोर्तुगीजमध्ये ती लांब सुट्टी. स्पॅनिशमध्ये ‘फेरिया’ म्हणजे जत्रा.)

‘फिएस्ता’चा सुट्टीशी संबंध नाही हे तर सरळ चूक आहे. स्पेनमध्ये ‘मान्याना एस फिएस्ता’ म्हणजे उद्या सुट्टी, पार्टीचं आमंत्रण नव्हे. कायद्याचा शब्दही ‘फिएस्तास लाबोरालेस’ असाच आहे: वर्षाला जास्तीत जास्त १४, त्यातल्या दोन त्या-त्या गावाच्या. गावच्या म्हटल्यावर आपल्याला ग्रामदैवताची यात्रा आठवावी, आणि बहुतेक ठिकाणी ते गावाच्या संताशीच जोडलेलं असतं.

‘प्वेन्ते’ म्हणजे पूल. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारची रजा टाकून रविवारपर्यंत पूल बांधायचा, हा स्पेनचा प्रकार. म्हणजे तो नुसता लाँग वीकेंड नाही, त्यात तुमच्या खात्यातली एक रजा जाते. स्पेनमध्ये ६ डिसेंबर हा राज्यघटना दिन आणि ८ डिसेंबर हा मेरीचा सण. २०२२ साली हे मंगळवारी आणि गुरुवारी आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा तीन रजा टाकणाऱ्याला शनिवार ते पुढचा रविवार सलग नऊ दिवस मिळाले. याला पूल म्हणणं कमीच, म्हणून त्याला म्हणतात ‘आकेदुक्तो’, रोमन लोक बांधायचे तो कमानीवरचा जलसेतू. कोलंबियात मात्र पूल सरकारच बांधून देतं. १९८३ च्या कायद्याने बऱ्याच सुट्ट्या पुढच्या सोमवारी ढकलल्या जातात, त्यामुळे तिथे ‘प्वेन्ते’ म्हटलं की रजा न टाकता मिळालेले तीन दिवस. चिलीत मधल्या अडकलेल्या दिवसाला ‘सँडविच’ म्हणतात.

आजारपणाला ‘बाकासिओनेस’ म्हणणारा माणूस डॉक्टरचा कागद घेऊन समुद्रकिनारी गेलाय असं ऐकणाऱ्याला वाटेल. स्पेनमध्ये ‘एस्तोय दे बाखा’, मी आजारपणाच्या रजेवर आहे. पण हाच ‘बाखा’ मेक्सिकोत जपून. तिथे ‘मे दिएरोन दे बाखा’ म्हणजे माझं नाव पटावरून कमी केलं. आजारपणाच्या रजेला तिथे ‘इन्कापासिदाद’, चिलीत ‘लिसेन्सिया मेदिका’.

कार्डात नसलेला एक शब्द मला सगळ्यात आवडतो: ‘पेर्मिसो’. लग्न, घरातलं मरण, घर बदलणं अशा कारणांसाठी मिळते ती रजा. स्पेनमध्ये लग्नाची १५ दिवस. शब्दाचा मूळ अर्थ परवानगी. आपल्या ‘रजा’चाही तोच; ‘आता रजा द्या’ म्हणून पाहुणा उठतो तेव्हा तो परवानगीच मागत असतो.

राहिली एका दिवसाची. वार्षिक रजेतला दिवस कापून घेतलात तर ‘दीआ दे बाकासिओनेस’ अगदी बरोबर, कार्डाला एवढा गुण द्यायला हवा. पण पाळीनुसार मिळालेला साप्ताहिक सुट्टीचा दिवस वेगळा. माद्रिदमधला वेटर म्हणतो, ‘ओय लिब्रो’. पहिल्याच आठवड्यात ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक असं पाठ केलेला आपला विद्यार्थी ‘आज पुस्तक’ असा अर्थ लावून बसतो. इथे ते ‘लिब्रार’ हे क्रियापद आहे: सुटणं, कामातून मोकळं होणं. सुट्टीतला ‘सुट’ तोच. ब्युनोस आयर्समधली नर्स मात्र त्याच दिवसाला ‘एस्तोय दे फ्रांको’ म्हणते, आणि त्यात स्पेनच्या फ्रांको या हुकूमशहाचा काही हात नाही.