‘मूळ वाचायची गरज नाही’ म्हणे!

गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘सारांश आता एआय काढतं. ते मनाचं काही घालत नाही. माणूस मध्ये आला की सारांश एकांगी होतो. मूळ वाचायची गरजच नाही, वेळ वाचवा.’ काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि बाबांनी मेडिक्लेमची 38 पानी पॉलिसी ॲपमध्ये घातली. उत्तर आलं, ‘मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कव्हर आहे.’ बाबा ऑपरेशनची तारीख घेऊन मोकळे! पॉलिसी मी उघडली. पान 21, बारीक अक्षरात एकच ओळ: मोतीबिंदूला 24 महिने वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढे दिवस त्याचा खर्च मिळत नाही. बाबांची पॉलिसी सात महिन्यांची.

म्हणून आधी ‘मूळ वाचायची गरज नाही’चं बघू. महत्त्वाचं काय, हे वाचणारा कोण यावर ठरतं. तिशीतल्या माणसाला ती ओळ गाळली तरी चालेल. बाबांची अख्खी पॉलिसी त्या ओळीत आहे. 1958 मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी यंत्राकडून सारांश काढून दाखवले, ते कोणते शब्द वारंवार येतात हे मोजून. अट तर एकदाच लिहिलेली असते, मोजणीत ती मागेच पडणार. आजची यंत्रं कितीतरी पुढे गेलीत, पण विचारणारा सत्तरीचा आहे, डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आहे, हे त्यांना सांगावंच लागतं. मी तीच पॉलिसी टाकून विचारलं, ‘मोतीबिंदूच्या अटी कोणत्या, कितव्या पानावर?’ ओळ पानासकट आली. मग ते पान उघडून ताडून पाहिलं. मध्ये आलेला माणूस एवढंच करतो.

‘मनाचं घालत नाही’ हे धडधडीत खोटं. डिसेंबर 2024 मध्ये ॲपलच्या फोनवर बीबीसीच्या नावाने सारांश झळकला, की अमेरिकेतल्या एका खुनाच्या आरोपीने स्वतःवर गोळी झाडली. बीबीसीने असं काही छापलंच नव्हतं. त्यांनी तक्रार केली आणि जानेवारी 2025 मध्ये ॲपलला बातम्यांचे सारांश थांबवावे लागले.

एकांगीपणाचं थोडं खरं आहे. एकाच लेखातली महत्त्वाची वाक्यं दोघांना निवडायला दिली तर जुळत नाहीत. पण यंत्राला वळण लावलं तेही माणसांनीच. 2020 मध्ये ओपनएआयने (चॅटजीपीटीवाली कंपनी) लोकांपुढे सारांशांच्या जोड्या ठेवल्या, चांगला कोणता ते विचारलं आणि त्या कौलावर मॉडेल घडवलं.

वेळ वाचतो, मान्य.

बाबांची तारीख बदललेली नाही, डोळा थांबणार नाही. पैशांची सोय वेगळी करतोय. काकांना पान 21 चा फोटो पाठवलाय.