ॲम्ब्युलन्स आवारात शिरली की पेशंट हॉस्पिटलचाच

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: "९११ ला फोन करण्याआधी दहा वेळा विचार करा. इन्शुरन्स नसेल तर हॉस्पिटल ॲम्ब्युलन्समधून उतरवूनही घेत नाही. स्ट्रेचर ताब्यात घेईपर्यंत त्यांची जबाबदारी शून्य. 'आज फुल आहे' म्हटलं की ते मोकळे. आणि आपण तर तिथले नागरिकही नाही." खाली जोडलेले हात.

एरवी असल्या मेसेजकडे मी दुर्लक्ष करते. पण हा वाचून कुणीतरी छातीत दुखत असताना "सकाळी बघू" म्हणेल, म्हणून हा खटाटोप.

"इन्शुरन्स नसेल तर घेत नाहीत." एकेकाळी हे खरं होतं. शिकागोच्या कूक काउंटी या सरकारी हॉस्पिटलात इतर हॉस्पिटलांनी धाडलेल्या ४६७ पेशंटांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८७ टक्क्यांना इन्शुरन्स नाही म्हणून पाठवलेलं होतं. याला तिथे सरळ 'पेशंट डम्पिंग' म्हणत. त्याच वर्षी 'एम्टाला' हा कायदा आला. मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेत, सामील असलेल्या आणि इमर्जन्सी विभाग (ईआर) चालवणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला तो लागू आहे, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच. आलेल्या माणसाला तपासायचं, इमर्जन्सी निघाली तर स्थिर करायचं, ते आवाक्याबाहेरचं असेल तर रीतसर दुसरीकडे पाठवायचं.

आमच्या काकू चक्कर येऊन पडल्या तेव्हा नर्सने आधी बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावली, छातीवर ईसीजीचे स्टिकर चिकटवले. चाकांवरचा कॉम्प्युटर ढकलत नोंदणीवाली आली, तोवर डॉक्टर बघून गेले होते. काकू कुजबुजल्या, "पैशांचं विचारायला आली का गं?" हो, त्यासाठीच आली होती. विचारायला कायद्याची आडकाठी नाही; त्यापायी तपासणी लांबवायला आहे.

नागरिकत्वाचा मुद्दा दोन शब्दांत संपतो. कायद्यात शब्द आहेत 'कोणतीही व्यक्ती'. पासपोर्टचा रंग त्यात कुठे येत नाही.

"स्ट्रेचर ताब्यात घेईपर्यंत जबाबदारी नाही." खरी मेख इथे आहे, कारण हा गैरसमज काही हॉस्पिटलांनीही सोयीनं जपला. ईआरच्या कॉरिडॉरमध्ये पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्सबरोबरचे वैद्यकीय कर्मचारी, पेशंटच्या स्ट्रेचरला टेकून ताटकळत उभे, ऑक्सिजनचा सिलिंडर अजून त्यांचाच. या वेळेला ते 'वॉल टाइम' म्हणतात. जुलै २००६ मध्ये मेडिकेअर चालवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेनं हॉस्पिटलांना स्पष्ट कळवलं, की जबाबदारी सुरू होते ती पेशंट येऊन पोचल्यावर, तुम्ही ताब्यात घेतल्यावर नव्हे. पुढच्या वर्षी थोडी मुभा दिली: खरोखर हात अपुरे असतील तर पॅरामेडिकना थांबायला सांगता येईल, पण पेशंटकडे लगेच कुणीतरी बघायलाच हवं. तेही नुसतं ट्रिआज, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं एवढं ठरवून भागत नाही. ती कायद्याला हवी असलेली तपासणी नव्हे.

आणि 'पोचणं' म्हणजे ईआरचं दार ओलांडणंही नव्हे. ॲम्ब्युलन्स कुठल्याही कंपनीची असो, ती आवारात आली की पेशंट आला. आवारात पार्किंग येतं, फूटपाथ येतो. मुख्य इमारतीपासून २५० यार्डांपर्यंतची हॉस्पिटलची जागा येते. ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलच्याच मालकीची असेल तर पेशंट तिच्यात चढला तेव्हाच 'पोचला', मग ती मैलभर दूर का असेना. अपवाद मुख्यतः एवढाच, की ती गावाच्या सामायिक नियमांप्रमाणे जवळच्या योग्य हॉस्पिटलकडे निघालेली असते.

"फुल आहे म्हटलं की मोकळे." अर्धं खरं. माणसं किंवा सोयी खरोखर कमी असतील तर हॉस्पिटल 'डायव्हर्जन' जाहीर करून रेडिओवर ॲम्ब्युलन्स दुसरीकडे वळवू शकतं. पण ड्रायव्हरनं न ऐकता गाडी आत घातली, तर पेशंट त्यांचाच.

वाटेतल्या ॲम्ब्युलन्सबद्दल मात्र कोर्टांचं एकमत नाही. १९९२ मध्ये शिकागोच्या एका खटल्यात सातव्या सर्किटनं (सर्किट म्हणजे विभागवार केंद्रीय अपील कोर्ट) पेशंट 'आलाच नव्हता' असं म्हटलं. होनोलुलूच्या प्रकरणात नवव्या सर्किटनं २००१ साली उलट सांगितलं, की डायव्हर्जन नसताना येणारी गाडी वळवता येत नाही. २००८ चं प्वेर्तो रिकोचं प्रकरण तर अंगावर येतं. इन्शुरन्सची खात्री मिळेना म्हणून डॉक्टरनं पॅरामेडिकचा फोनच ठेवून दिला, असा आरोप होता. पहिल्या सर्किटनं तो खटला चालू द्यायला लावला.

हे सगळं कागदावरच राहतं असंही नाही. दंडाची कमाल रक्कम पूर्वी दर उल्लंघनाला ५०,००० डॉलर होती; महागाईप्रमाणे वाढत मोठ्या हॉस्पिटलांसाठी ती लाखापुढे गेली आहे. शिवाय मेडिकेअरमधून हकालपट्टी होऊ शकते, आणि बहुतेक हॉस्पिटलांना ती दंडापेक्षा जड जाईल.

मेसेजवाल्यानं भीती घालायचीच होती तर बिलाची घालायची. एम्टाला तपासणीची हमी देतो, फुकट उपचारांची नाही. जानेवारी २०२२ पासून अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध 'नो सरप्रायझेस' कायदा लागू झाला, पण तोही मुख्यतः तिथला इन्शुरन्स असणाऱ्यांसाठी. त्यात विमान-हेलिकॉप्टरची ॲम्ब्युलन्स आली, रस्त्यावरची राहून गेली. काकूंच्या ॲम्ब्युलन्सचं पाकीट दोन महिन्यांनी आलं. हॉस्पिटलच्या बिलापासून वेगळं, दुसऱ्याच कंपनीचं.