चौकशीआधीच निकाल नको

कोसळलेल्या लढाऊ विमानाच्या, मोबाइलवर टिपलेल्या व्हिडिओवरून ‘वैमानिकाने विमान फार लवकर सोडलं का?’ असं तुमच्या लेखात विचारलंय, ते खटकलं. इजेक्शन सीटचं, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाचं, हँडल ओढलं की कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडते किंवा फुटते आणि सीटखालचं रॉकेट माणसाला वर भिरकावतं. सगळं सेकंद-दोन सेकंदांत! शरीरावर गुरुत्वाच्या 12 ते 20 पट जोर येतो, मणक्याचं हाड मोडणं काही दुर्मीळ नाही. ‘सुखरूप’ छापण्याआधी एवढं तरी सांगा. कुतूहल असणारच, मलाही आहे. पण निर्णयाला उशीर झाल्यानेही कितीतरी वैमानिक जिवानिशी गेलेत. वेळेत बाहेर पडा, हेच त्यांना शिकवलेलं असतं. फ्लाइट रेकॉर्डरमधला (विमानातल्या नोंदयंत्रातला) डेटा तपासून होईपर्यंत या वैमानिकाच्या घरच्यांपुढे माइक धरू नका.