हात दाखवून अवलक्षण

ज्या देशाला समुद्रच नाही, तिथे जाऊन बुडायची सोय करणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच. आणि सोय म्हणजे अगदी आगाऊ आरक्षण करून, पैसे भरून, पावतीची प्रिंट काढून.

झालं असं, की स्वित्झर्लंडची सहल ठरली तेव्हा माझा मेव्हणा रात्री जेवताना विमानातून उडी मारायच्या गोष्टी करत होता. इंटरलाकेनला म्हणे पॅराशूट बांधून लोक आल्प्सच्या समोर उड्या मारतात. मी नुसतं "बरं" म्हणालो. तर हा म्हणतो, "दाजी, तुम्ही आपले आगगाडीच्या खिडकीतून डोंगर बघा." वाक्य साधंच होतं, पण त्यातला तो 'आपले' मला लागला. माणूस अपमान सोसतो, 'आपले' सोसत नाही. मी भाताचा घास तसाच हातात धरून जाहीर केलं, "ब्रिएन्झच्या तळ्यावर स्पीडबोट करायची. सगळ्यांनी. नियोजन माझ्याकडे."

टेबलावर शांतता पसरली. मला वाटलं, सासूबाई तरी मोडता घालतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती जोरात जाते ती?" मी हो म्हणालो. "मग मी पुढच्या रांगेत," त्या म्हणाल्या आणि ताक ओतून घेतलं.

मला पोहता येत नाही असं नाही. येतं, पण पाय टेकतील तिथपर्यंत. ब्रिएन्झच्या तळ्यात पाय टेकवायचे म्हणजे मधोमध साधारण २६० मीटर खाली जावं लागतं. ही माहिती मी त्याच रात्री काढली. चौदा किलोमीटर लांब आणि जेमतेम तीन किलोमीटर रुंद असलेल्या तळ्याने इतकं खोल असण्याचं काय कारण होतं? मग हिमनद्यांबद्दल वाचलं. त्यांनीच हा खड्डा कोरला आणि त्यांनीच दगड दळून दळून त्याचं पीठ केलं. ते पीठ अजूनही ओढ्या-नद्यांबरोबर तळ्यात येतं आणि पाण्यात तरंगत राहतं. फोटोत दिसणारा तो वेड लावणारा हिरवानिळा रंग त्या पिठाचा. म्हणजे आपण ज्या रंगावर भाळतो ते मुळात डोंगराचं पीठ पडल्याचं लक्षण आहे. मला ते शुभ वाटलं नाही.

पुढचे तीन महिने मी नियोजन करत होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, माणूस किती बारकाईने सहलीचा आराखडा करतोय! प्रत्यक्षात मी स्थगिती मिळवायच्या खटपटीत होतो.

पहिला अर्ज आगबोटीच्या बाजूने होता. ब्रिएन्झच्या तळ्यावर 'ल्योचबर्ग' नावाची १९१४ सालची वाफेची बोट आहे, वल्ह्यांच्या चाकांची, देखणी. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनच्या मागून निघते आणि रमतगमत ब्रिएन्झला पोचवते. स्विस ट्रॅव्हल पासवर फुकट! स्पीडबोटीला मात्र माणशी शंभर फ्रँकच्या पुढे, आणि फ्रँक म्हणजे आपले शंभरावर रुपये. दहा हजार रुपये देऊन ओलं व्हायचं? ही सगळी आकडेमोड मी रंगीत रकाने करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. बायकोने अंगठा दाखवला. मला वाटलं, जिंकलो. खाली तिचाच मजकूर आला, "छान. आगबोट आदल्या दिवशी करू. दोन्ही होईल." माझ्या तक्त्यात एक ओळ वाढली, कमी काही झालं नाही.

मग मी कायद्याचा आधार घेतला. स्वित्झर्लंडमध्ये ६ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची मोटरबोट चालवायची तर परवाना लागतो, त्याची रीतसर परीक्षा असते. ते मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं आणि सुचवलं, की आपण परवान्याविना मिळणारी छोटी बोट भाड्याने घेऊ, मी स्वतः चालवीन, सुरक्षित. मेव्हण्याने ६ किलोवॅट म्हणजे आठेक हॉर्सपॉवर असा हिशोब केला आणि म्हणाला, "दाजी, याच्यापेक्षा माझी स्कूटर जोरात जाते. चालवणारा त्यांचाच असतो, आपण फक्त बसायचं." फक्त बसायचं! खुर्चीसुद्धा इतकी निष्पाप नसते.

विम्यावर मी खरी भिस्त ठेवली होती. स्वित्झर्लंडला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि त्यात मृत्यू आल्यास परत पाठवण्याचा खर्चही धरावा लागतो. हे कलम मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'मृत्यू' वर जरा थांबलोही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे परतीचं तिकीट वाया जात नाही, हे बरंय." नंतर विमावाल्याला फोन करून साहसी खेळांबद्दल विचारलं. त्याने वीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि सांगितलं, की परवानाधारक चालकाच्या बोटीत प्रवासी म्हणून बसणं आमच्या पॉलिसीत चालतं. इतक्या तत्परतेने माझा एकही दावा आजवर कुणी मान्य केलेला नाही.

शेवटी तब्येत. आरक्षणाच्या अटींमध्ये पाठीचा त्रास असलेल्यांनी बसू नये, असं होतं. मी दुसऱ्या दिवशीपासून कमरेवर हात ठेवून चालायला लागलो. बायकोने दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, माळ्यावरच्या बॅगा काढायच्यात. पाठ दुखत असेल तर राहू दे, पण मग आठ दिवसांच्या बॅगाही मीच ओढीन आणि सगळ्यांना कारण सांगीन." पाठ त्याच संध्याकाळी उतरली.

या खटपटीत एक नको तेवढं ज्ञान झालं. आमची बोट साधी स्पीडबोट नव्हती, जेटबोट होती. तिला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी आत ओढायचं, पंपाने मागच्या तोटीतून जोरात फेकायचं, की बोट पुढे. तोटी डावी-उजवीकडे फिरवली की बोट वळते. १९५० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या बिल हॅमिल्टन नावाच्या शेतकऱ्याने ही युक्ती नीट जमवली, कारण त्याच्याकडच्या नद्या इतक्या उथळ, की पंखा तळाला लागायचा. घोट्याएवढ्या पाण्यासाठी काढलेलं यंत्र २६० मीटर खोल पाण्यात कशाला आणलं, हे मला कुणी सांगेना. त्याहून वाईट म्हणजे, पाण्याचा झोत बंद पडला की तिचं सुकाणूही संपलं. याचा अर्थ, समोर काही आलं आणि घाबरून वेग काढला तर ती वळतच नाही. वळायचं असेल तर जोर द्यावा लागतो. ज्या वाहनात भित्र्या माणसाची उपजत बुद्धी चुकीची ठरते, त्यात मी बसणार होतो.

व्हिसा वेळेत आला. विमान वेळेवर सुटलं. स्विस गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको, एकही चुकेना. इंटरलाकेन म्हणजे 'दोन तळ्यांच्या मधलं'; एकेकाळी थुन आणि ब्रिएन्झ मिळून एकच तळं होतं, मग नद्यांनी गाळ आणून मधे जमीन केली आणि तिच्यावर गाव वसलं. गाळाचे मी मनातून आभार मानले. त्याच्यावर चालताना फार बरं वाटायचं. तिथल्या कुरसाल नावाच्या जुन्या कॅसिनोच्या बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे, तिथे सगळ्यांनी फोटो काढले. मला एवढंच जाणवलं, की या माणसाने इथे आणून नायक-नायिकांना बर्फात नाचवलं, गवतात लोळवलं. मीही तेवढं केलं असतं.

आदल्या दिवशी आगबोटीतून फिरताना मला आशेचा किरण दिसला. शब्दशः. काठावर एक नारिंगी दिवा लुकलुकत होता. मी खलाशाला विचारलं. तो म्हणाला, वादळाची सूचना. मिनिटाला चाळीस वेळा लुकलुकला तर जोराचा वारा येऊ शकतो, जपून. नव्वद वेळा लुकलुकला तर वादळ, तळ्यावरून निघा. मी घड्याळ काढलं. तिकडे सगळे गीसबाखचा धबधबा बघत होते, झाडीतून चौदा टप्प्यांनी उतरणारं ते पांढरंशुभ्र पाणी, आणि मी कठड्याला टेकून पुटपुटत होतो, "सदतीस, अडतीस, एकोणचाळीस..." मिनिट भरलं तेव्हा मी चाळिसावर होतो. पुन्हा मोजलं. चाळीसच. पण संध्याकाळी दक्षिणेकडून फ्योन सुटला. हा आल्प्स ओलांडून येणारा गरम, कोरडा वारा. खिडक्या धडधडल्या, अंगणातली खुर्ची उलटली. मी छत्री न घेता काठापर्यंत चालत गेलो. दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकत होता. एकोणनव्वद, नव्वद! आमच्या पावतीवर लिहिलं होतं, हवामानामुळे फेरी रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत. त्या रात्री मी वर्षभरात झोपलो नव्हतो इतका गाढ झोपलो.

सकाळी पडदा सरकवला. तळं आरशासारखं. एक बदक चाललं होतं, त्याच्या मागची रेघसुद्धा मोडत नव्हती. दिवा बंद.

तळ्याकाठच्या ब्योनिगेन गावाच्या धक्क्यावर आम्हाला जाड कोट आणि लाइफ जॅकेट चढवण्यात आली. माझ्या जॅकेटचा पट्टा लावणाऱ्या मुलीला मी तो तीनदा घट्ट करायला लावला, शेवटी तिनेच श्वास घ्यायला सांगितलं. चालक पंचविशीतला, दाढीवाला, अकारण आनंदी. त्याने नियम सांगितले: बार सोडायचा नाही, आणि मी हात वर करून बोट असं गोल फिरवलं, की बोट जागेवर पूर्ण गिरकी घेणार, तेव्हा घट्ट धरायचं. बाकी त्याने काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी बारची जाडी बघत होतो.

निघालो, आणि काय सांगू, फार सुंदर वाटलं! काठापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात ताशी १० किलोमीटरच्या वर जायला मनाई असते. बोट बदकाच्या चालीने चालली होती. ऊन होतं, मागे हिरवे डोंगर होते. मी मेव्हण्याकडे वळून म्हणालो, "हीच का तुमची स्पीडबोट?" हे वाक्य तोंडात असतानाच तीनशे मीटर संपले.

पुढच्या दहा-पंधरा मिनिटांचं वर्णन मी करू शकत नाही, कारण त्यातली बरीचशी मी डोळे मिटून काढली. एकदा उघडले तेव्हा इझेल्टवाल्ड गावाचा तो प्रसिद्ध लाकडी धक्का दिसला. कोरियन मालिकेत दाखवल्यापासून तिथे इतकी गर्दी होते, की आता त्यावर पाऊल टाकायला पाच फ्रँक पडतात. पाच फ्रँक देऊन न हलणाऱ्या फळ्यांवर उभी असलेली ती माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती. मी पन्नास दिले असते.

मग चालकाचा हात वर गेला, बोट गोल फिरलं. डोंगर, आकाश, गाव, सासूबाईंची वेणी, सगळं एका रेषेत आलं आणि वरून बादलीभर तळं माझ्या कॉलरमध्ये गेलं. ते पाणी हिमनदीचं आहे हे मी वाचलेलं होतं. आता पाठीच्या कण्याला कळलं. दुसरी गिरकी. तिसरी. मग बोट थांबली, चालकाने मागे वळून सगळ्यांचे चेहरे बघितले. नेमका पहिला त्याला माझा दिसला.

माझा घसा बसला होता. ओरडणं शक्य नव्हतं. मी प्रयत्नपूर्वक बारवरचा उजवा हात सोडवला आणि आपण रिक्षावाल्याला सांगतो तशी खूण केली: बोट वर धरून गोल फिरवलं आणि काठाकडे दाखवलं. म्हणजे पुरे बाबा, वळवून घे.

त्याचा चेहरा उजळला. "ओके!" म्हणून त्याने चौथी गिरकी घेतली.

ती थांबल्यावर मी जिवाच्या आकांताने दोन्ही हातांनी तीच खूण केली. पाचवी आधीपेक्षा मोठी होती. मागच्या रांगेतल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझ्या जॅकेटवर थाप मारली. सहाव्या वेळी मी फक्त डोळ्यावरचं पाणी पुसायला हात वर नेला होता.

धक्क्यावर उतरल्यावर चालकाने माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. सासूबाईंची वेणी सुटली होती आणि त्या दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. "जावईबापू, तुम्ही एवढे हौशी असाल असं वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. मेव्हणा बाकावर बसला होता, दोन्ही गुडघे धरून. त्याचा रंग तळ्याच्या बराच जवळ गेला होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "चौथीनंतर तरी थांबवायचं होतं."

"अरे, आता कुठे मजा यायला लागली होती," मी म्हणालो. दात वाजत असल्यामुळे हे वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागला.

बायको टॉवेल घेऊन आली आणि माझ्या नजरेच्या दिशेने बघायला लागली. पलीकडच्या काठावर नारिंगी दिवा पुन्हा सुरू झाला होता.

"अहो, काय पुटपुटताय?"

"काही नाही," मी म्हणालो. "एकोणचाळीस."