मटार, मावशी आणि मारिया

परभाषेतला चित्रपट घरच्यांसोबत पाहण्याचा उपद्व्याप ज्याने केलेला नाही, त्याला सबटायटल वाचणे आणि शंकानिरसन करणे ही दोन कामे एकाच वेळी किती जिवावर येतात, याची कल्पना यायची नाही. गेल्या रविवारी मी ‘ले पेत्रोल्यूझ’ हा १९७१ सालचा विनोदी वेस्टर्न लावला, आणि श्रेयनामावली सरकते न सरकते तोच मावशी मटारच्या शेंगांची परात घेऊन शेजारी येऊन बसली.

“ही माणसं कुठली रे?”

“अमेरिकेतली. न्यू मेक्सिको.”

“मग बोलतात काय?”

“फ्रेंच. गावच फ्रेंच लोकांचं दाखवलंय.”

“आणि हे माळरान?”

“ते स्पेनमधलं. शूटिंग तिथं झालं.”

ही सगळी भानगड जणू मीच करून ठेवली आहे, अशा नजरेने मावशीने माझ्याकडे पाहिले. तेवढ्यात तीन वाक्ये निसटली; मागे न्यावे, तर “हे मघाशी झालं की” अशी काकांची हरकत.

त्यात मला नावाचा अर्थ सांगायची हौस. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे सरकारविरुद्ध उठलेल्या पॅरिसकरांच्या बंडाच्या, धामधुमीत तेल ओतून इमारती पेटवल्याचा आळ ज्या बायकांवर आला, त्यांना पेत्रोल्यूझ म्हणत. इथे भांडणाच्या जमिनीखाली खनिज तेल आहे, म्हणून हा श्लेष. तो मी उलगडून सांगेपर्यंत ब्रिजित बार्दो आणि तिच्या चार बहिणी पुरुषी वेषात आगगाडी लुटून मोकळ्या झाल्या होत्या, आणि त्या लुटीत जमिनीचा कागद कसा हाती लागला, हे वाचायचे माझे राहूनच गेले.

मावशीचे मात्र काहीही राहिले नव्हते. क्लॉडिया कार्डिनाले, म्हणजे चार भावांना धाकात ठेवणारी मारिया, घोड्यावरून आली, तेव्हाच तिने निकाल दिला.

“जमीन हिलाच मिळायला हवी. त्या गोरीचा कागद चोरीचा. फेरफार होणार कसा?”

बांधाच्या दाव्यात तिच्या सासरच्यांनी बारा वर्षे तालुक्याला खेटे घातलेले असल्याने या विषयात तिच्याशी वाद घालण्याची घरात कोणाची छाती नाही. “आणि तो शेरीफ काय करतोय?” काकांनी विचारले. “तलाठी वेळेला सापडतो का कधी?” उत्तर परस्पर मिळाले.

शेवटी बार्दो आणि कार्डिनाले यांची जी झटापट जुंपते, ती सविस्तर, सावकाश आणि कपड्यांची गय न करता चालते. तिथे सबटायटल लागत नाही, म्हणून मी हुश्श करून मान वर केली. मावशी पुढे सरकून बसली होती, हात यंत्रासारखे चालू होते, आणि टरफले पातेल्यात व दाणे केराच्या टोपलीत पडत होते.

“चार बहिणी, चार भाऊ,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “एकाच मांडवात उरकलं तर खर्च वाचेल.”

मी टोपली ओढून दाणे वेचायला घेतले.