"बघून घे" म्हणजे नक्की काय बघायचं?

गेल्या महिन्यात आमच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट संपताना मी लाइनवरच्या पोराला म्हणालो, "अरे, ती शेवटची ट्रे जरा बघून घे." मला म्हणायचं होतं, ट्रेतले नग गेज (माप तपासायचं साधन) लावून परत तपास. त्याने ऐकलं, सांभाळून घे, जाऊ दे. अख्खी ट्रे पॅक होऊन गेली आणि दोन दिवसांनी ग्राहकाकडून तशीच परत आली.

मग नेहमीचं व्हाय-व्हाय, म्हणजे चूक "का झाली, का झाली" विचारत मूळ कारण शोधायचा फॉर्म. रूट कॉजच्या रकान्यात "ऑपरेटरचे दुर्लक्ष", उपायाच्या रकान्यात "ट्रेनिंग दिले". खाली सही माझी.

डिप्लोमा मेकॅनिकलचा असला तरी हौसेने बहिःस्थ एम.ए. मराठी केलंय मी. भाषाविज्ञानाचा पेपरही दिलाय. त्यामुळे ती सही करताना हात जरा जड झाला. दुर्लक्ष कुणाचं झालं होतं?

"बघणे" हे क्रियापद आपल्या ऑफिसांतून काय काय कामं करतं बघा (हे आणखी एक!). साहेब "बघतो" म्हणाले की काम होणार नाही. "बघू या" म्हणाले की दिवाळीनंतर विचारा. "बघा बुवा" म्हणजे जबाबदारी तुमची. "बघून घेईन" ही धमकी, आणि "बघून घे" यांतलं काहीही असू शकतं. शब्दकोशात यातलं फार थोडं सापडेल. बाकीचं कोण, कुणाला, किती वाजता म्हणालं यावर ठरतं.

मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये बसून हेच सांगून ठेवलंय. "काव्यप्रकाश" या ग्रंथातलं त्याचं उदाहरण आहे, "सूर्य मावळला." एवढंच वाक्य. सैन्यात ऐकलं तर शत्रूवर चालून जायची वेळ झाली, गुराख्याने ऐकलं तर गुरं घरी आणा, दुकानदाराने ऐकलं तर माल आवरा, राबणाऱ्यांनी ऐकलं तर चला, काम थांबवू. आमच्याकडे सूर्याऐवजी "सहा वाजले" म्हणतात. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांसाठी त्याचा अर्थ, बस पकडायची वेळ झाली. मॅनेजर म्हणाले तर अर्थ होतो, आज थांबावं लागेल.

सोस्यूर हा स्विस भाषाशास्त्रज्ञ परीक्षेपुरता वाचला होता, तो आता समजतोय. (या गृहस्थांनी आपल्या नावावरचं ते गाजलेलं पुस्तक लिहिलंच नाही. ते 1913 मध्ये गेले आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून 1916 मध्ये पुस्तक निघालं. भाषेवरचा एवढा मोठा ग्रंथ म्हणजे एका अर्थी मिनिट्स ऑफ मीटिंगच!) चिन्हक (शब्दाचं रूप) आणि चिन्हित (त्यातून कळणारी कल्पना) सगळ्यांना आठवतं. मला जास्त कामाचं वाटतं ते त्याचं दुसरं म्हणणं: शब्दाला किंमत येते ती शेजारच्या शब्दांपेक्षा तो वेगळा असल्यामुळे. आमच्याकडे प्रत्येक मेलच्या विषयात "अर्जंट" असतं. साधी मेल उरलीच नाही, तर अर्जंट कशापेक्षा अर्जंट? मग "मोस्ट अर्जंट" आलं. आता तेही कुणी उघडत नाही, सरळ फोन करतात.

आपल्याकडे यावर इलाज म्हणून दर वर्षी कम्युनिकेशन स्किलचं ट्रेनिंग होतं आणि त्याला बसतात ऑपरेटर. नीट ऐका, शंका विचारा वगैरे. मला हे पटत नाही. संदिग्ध बोलायची चैन वरच्याला परवडते आणि अर्थ लावायची हमाली खालच्याच्या डोक्यावर येते. अर्थ चुकला की व्हाय-व्हायमध्ये तोच.

विमानवाल्यांनी हे फार महागात शिकून घेतलं. 27 मार्च 1977, स्पेनचं तेनेरिफ बेट, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, "वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ." टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. टॉवर "ओके" म्हणाला. प्रत्यक्षात विमान धावायला लागलं होतं आणि पुढे धावपट्टीवर अमेरिकी कंपनी पॅन अ‍ॅमचं विमान होतं. 583 माणसं गेली. मला सगळ्यात टोचतं ते कॉकपिटमधलं शेवटचं बोलणं. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ते विमान बाजूला झालं नाहीये का? शंका विचारली होती त्याने, अगदी ट्रेनिंगमध्ये सांगतात तशी. कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालंय. विषय संपला.

त्यानंतर त्यांनी नुसती भाषणं दिली नाहीत, शब्दच बांधून टाकले. "टेकऑफ" हा शब्द परवानगी देताना किंवा काढून घेताना, एवढ्यापुरताच. एरवी "डिपार्चर" म्हणायचं. नुसतं "ओके" चालत नाही, सूचना परत म्हणून दाखवावी लागते.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र अजून अंगठाच चालतो. वाचलं, समजलं, मान्य आहे, करतो, सगळ्याला एकच अंगठा. कॅनडात सस्कॅचवानमध्ये एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोवर असाच अंगठा पाठवला होता. तो म्हणाला, करार मिळाला एवढंच सांगायचं होतं. 2023 मध्ये कोर्टाने ती सहीच धरली आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरायला लावले. तरी त्यांच्यात निदान कोर्टापर्यंत जाता आलं.

मी सध्या स्वतःपुरतं एक सुरू केलंय. "बघून घे" बंद. परवा त्याच पोराला म्हणालो, "शेवटच्या ट्रेतले सगळे नग गेज लावून तपास, आकडा वहीत लिही, आणि मी काय सांगितलं ते परत सांग."

त्याने परत सांगितलं. अगदी बरोबर. मग जरा थांबून हळूच विचारलं, "सर, अजून रागावलाय का माझ्यावर?"